उलटा करंट

टेबलावर इलेक्ट्रिक स्कूटरचा कंट्रोलर, मोटरला वीज सोडणारा डबा, उघडा होता. त्यातली व्होल्टेज रेग्युलेटरची चिप महिन्यात दुसऱ्यांदा जळली होती.

"नवी टाका आणि द्या, भाऊ," स्कूटरचे मालक सुर्वे म्हणाले. "पोस्टमॉर्टेम नको."

आजवर मीही तेच केलं होतं. बायकोच्या स्कूटरची चिप दोनदा अशीच बदलली. "अहो, उतारावर ब्रेक एकदम सुटतो," ती सांगायची. "जपून चालव," मी म्हणायचो. तिसऱ्या वेळी ती घाटातून परत आली नाही.

या वेळी नवी चिप टाकून मीटर लावला, चाक पूर्ण वेगात नेलं आणि ब्रेक दाबला. आकडा उसळला. ब्रेक लावताच मोटर उलटा करंट फेकत होती, तोच चिप जाळत होता; आणि चिप जळली की मोटरचा ब्रेकही सुटत होता.

"ही गाडी आता नेऊ नका."

"राहू द्या मग. अशीच दुसरी आहे, तिची चिप तुम्हीच गेल्या आठवड्यात बदललीत."

"ती गाडी कुठे आहे?"

"बायको घेऊन गेली. घाट उतरून माहेरी."

"फोन लावा त्यांना."

सुर्व्यांनी लावला. रिंग वाजत राहिली.

"चालवताना उचलत नाही ती," ते म्हणाले. "फार जपून चालवते."