पाणी परत येईस्तोवर

होडीच्या तांडेलानं ग्यानोबाच्या हातात गळाची काठी दिली आणि ती कशी धरायची ते दाखवलं. अंगठा इथं, बोटं इथं. दोरी हळूहळू सोडायची. मासा लागला की एकदम ओढायचं नाही. ग्यानोबानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"समजलं ना, काका?"

"समजलं."

सकाळचे सात वाजले होते. होडी खाडीच्या तोंडाबाहेर खडकांच्या आडोशाला नांगरलेली होती. अर्ध्या दिवसाची सफर. सहाला निघायचं, बारापर्यंत परत. सिंधूनं ती बापासाठी ठरवली होती. ती रत्नागिरीच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि तो लातूरहून दोन दिवसांसाठी तिच्याकडं आला होता. समोर पाणी सुरू होत होतं ते संपतच नव्हतं. ग्यानोबा मात्र लांब बघत नव्हता. होडीत बसल्यापासून त्यानं नजर काठाशीच ठेवली होती.

दोरी थरथरली. ग्यानोबानं काठी मांडीवर आडवी टाकली आणि दोरी पहिल्या बोटावर घेतली.

"काठी सोडू नका, काका," तांडेल म्हणाला.

ग्यानोबाला ते ऐकू गेलं नाही. त्यानं डोळे मिटले होते. थोडी दोरी दिली, थोडी घेतली, पुन्हा दिली. बराच वेळ असं चाललं. मग हातभर लांबीची तांबोशी होडीला येऊन लागली. त्यानं हात ओला केला, माशाच्या डोक्यामागून सरकवला, अंगठा कल्ल्यात घातला आणि एका हिसक्यात गळ काढला. माशानं शेपटीसुद्धा आपटली नाही.

तांडेल बघत राहिला. "काका, तुम्ही करता काय?"

"वॉचमन आहेत," सिंधू म्हणाली. "लातूरला, एका सोसायटीत."

"भोई हाव मी," ग्यानोबा म्हणाला. मासा अजून त्याच्या हातात होता. "वॉचमन दोन सालापास्नं."

मग ग्यानोबा आपणहून बोलायला लागला.

"आमच्या गावाला धरण हाय. लातूर जिल्हा नवा झाला, त्या साली पहिल्यांदा भरलं. मी अन् माझा बाप तवापास्नं त्याच्यातच. मरळ कुठं बसतीय, वाम कुठल्या दगडाखाली हाय, रातच्याला डोळे झाकून सांगत व्हतो."

"आणि आता?"

"आता त्याच्यातून मोटारसायकली जातात. औशाला जवळचा रस्ता पडला."

होडी हळूच वर झाली, खाली झाली.

"शेवटाला एवढंसं डबकं राह्यलं," ग्यानोबा म्हणाला. "सगळं गाव बादल्या घेऊन उतरलं. हातानं मासे धरायले. मला बी बोलवलं. मी बांधावरच उभा राह्यलो. त्याला काय मासे धरणं म्हनत न्हाईत."

तांडेलानं मासा त्याच्या हातातून घेऊन पेटीत टाकला. "माझा खलाशी गेल्या महिन्यात आखातात गेला," तो म्हणाला. "मला माणूस पाहिजेच आहे. तुम्ही राहा इथं."

सिंधूनं बापाकडं पाहिलं नाही. दोन दिवस तिच्या मनात हेच होतं.

"आईला बी आणू, आबा," ती हळूच म्हणाली. "खोली हाय माझी. पुरंल आपल्याला."

"तुमचं पाणी लई मोठं हाय," ग्यानोबा तांडेलाला म्हणाला. "मला ह्याचं काय कळत न्हाई."

"कळेल की."

"एक पाणी कळायला जलम गेला." त्यानं ओले हात धोतराला पुसले. "अन् उद्या ते भरलं, अन् मी हितं असलो तर?"

तांडेलानं पुन्हा गळ पाण्यात सोडला. आणखी चार-पाच मासे मिळाले. ते सगळे तांडेलानंच काढले.

बाराच्या सुमारास होडी खाडीत परत शिरली आणि ग्यानोबा एकदम उभा राहिला. पहाटे ते जिथून होडीत चढले होते तिथं पाणी नव्हतं. धक्क्याचे खांब तळापर्यंत उघडे पडले होते, त्यांना कालवांचे शिंपले चिकटलेले होते. बाकीच्या होड्या चिखलात कलंडल्या होत्या. त्यांच्यामधून खेकडे पळत होते.

"पाणी कुठं गेलं?"

त्यानं होडीची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"सकाळी हितं पुरुषभर पाणी व्हतं. कुठं गेलं?"

तांडेल हसला. मग त्याचं लक्ष ग्यानोबाच्या तोंडाकडं गेलं आणि त्याचं हसू थांबलं. "ओहोटी आहे, काका. येईल. पाच-सहा तासांत येईल परत."

गुडघाभर चिखल तुडवत ते धक्क्यावर आले. तिथल्या नळावर सिंधूनं पाय धुतले.

"चला आबा, जेवून घेऊ. चारची गाडी हाय तुमची."

ग्यानोबा धक्क्याच्या कडेला बसला होता. पाय खाली सोडलेले, पायांवर चिखल तसाच.

"तू जा, माय. मी बसतो."

"कशापायी?"

"येताना बघतो त्याला."

"गाडी चुकंल, आबा."

"चुकू दे."

सिंधू थोडा वेळ उभी राहिली. मग तीही त्याच्या शेजारी बसली. ऊन चांगलंच चढलं होतं. मागं तांडेल माशांची पेटी धूत होता. ग्यानोबानं मान न वळवता त्याला विचारलं,

"रोज येतंय?"

"रोज," तांडेल म्हणाला. "दिवसातून दोनदा."

"दोनदा," ग्यानोबा स्वतःशीच म्हणाला, आणि चिखलाकडं बघत राहिला.