दुसरी खुर्ची

डॉक्टरांनी शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “काकू, ती पर्स उचलता का? तुमच्या घरचे बसतील तिथे.”

“घरचं कुणी नाही. एकटीच राहते मी.”

लिहिता लिहिता डॉक्टर थांबले. “मग अवघड आहे. ही नैराश्यावरच्या नव्या औषधाची चाचणी आहे. गोळ्या सुरू झाल्या की पेशंटवर लक्ष ठेवायला घरात कुणीतरी लागतं. एकट्या राहणाऱ्यांना आम्ही घेत नाही.”

“घरात कुणी असतं, तर मी इथे कशाला आले असते?”

डॉक्टर ओशाळले. त्यांनी जुन्याच गोळ्या लिहून दिल्या. काकू बाहेर पडल्या, तेव्हा दारात चाचणीसाठी आलेली पुढची पेशंट उभी होती. तिच्याबरोबर नवरा होता, सून होती, आणि चहाचा थर्मास घेतलेली बहीणही होती.

काही वर्षांनी तेच डॉक्टर खुशीत होते. “औषध पास झालं, काकू! चाचणीतले बहुतेक सगळे बरे झाले. आता तुम्हालाही देता येईल.”

काकूंना तो थर्मास आठवला.

घरी येऊन त्यांनी समोरच्या खुर्चीवर पर्स ठेवली आणि तिच्या देखत पहिली गोळी घेतली.