फ्रेंचकाका

फ्रेंच ही शिकायची भाषाच नव्हे, ती रक्तात असावी लागते, असं राजन देवस्थळी कॅनडातल्या वॉटर्लूच्या मराठी मंडळात छातीठोकपणे सांगत. त्यांच्या रक्तात फक्त साखर होती. पण तरुणपणी दोन वर्षं मॉन्ट्रियलमध्ये काढल्यामुळे सगळे त्यांना फ्रेंचकाका म्हणत, आणि रिटायर झाल्यावर तेवढाच एक मान शिल्लक राहिला होता.

त्या रविवारी श्रेयसच्या बेसमेंटमध्ये मंडळाने कादंबरीवर बेतलेला एक जुना फ्रेंच खूनपट लावला. इंग्रजी सबटायटल्ससाठी श्रेयसने रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली, पण ती काही आली नाहीत.

"जाऊ दे रे, फ्रेंचकाका आहेत ना!" गौरांगी म्हणाली.

मग काका अंदाजपंचे सांगत सुटले. पडद्यावरची बाई रडली, तेव्हा म्हणाले, "ती म्हणतेय, नवऱ्याशिवाय मी जगू शकत नाही." लगेच तिने नवऱ्याला नदीत ढकललं. घाईघाईने काकांनी इन्स्पेक्टरला तिचा सख्खा मामा करून टाकलं, तर मामाने तिला कडकडून मिठी मारून तिचं चुंबन घेतलं.

"काका, आता मामा काय म्हणतोय?"

सगळं बेसमेंट त्यांच्याकडे वळलं. शेजारी चिवडा खात बसलेल्या आपल्या बायकोकडे, सुरेखाताईंकडे, काकांनी पडद्यावरच्या त्या बुडत्या नवऱ्याच्या नजरेने पाहिलं.

 

वाटी खाली ठेवून सुरेखाताई म्हणाल्या, "श्रेयस, तुझ्या बटणं दाबण्यात सिनेमा इटालियन झालाय रे. जरा फ्रेंच कर ना, ह्यांना सोपं जाईल."