पहिली आणि शेवटची कॅसेट

मोरूचा दात उडून मिठाच्या रिकाम्या गोणीवर पडला, तेव्हा पुंडलिकने पहिल्यांदा तोंड फिरवलं.

"बघा ना, दादा," हर्षद धापा टाकत म्हणाला. "तुमच्यासाठीच चाललंय ह्ये सगळं."

कासूच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, बंद पडलेल्या मिठागराची ती पत्र्याची शेड. भर दुपारची वेळ, आत नुसता भट्टीसारखा उकाडा. निडी गावचा मोरू खांबाला बांधलेला होता आणि हर्षदच्या हातात लोखंडी कांब होती.

अठरा वर्षांपूर्वी पुंडलिकच्या बेंजो पार्टीची पेणात काय हवा होती! 'खारं उधाण' ही त्यांची पहिलीच कॅसेट आली आणि पेणपासून रोह्यापर्यंत तिच्याशिवाय कुणाच्या घरची हळद पार पडेना. लगोलग दुसरीचं रेकॉर्डिंग ठरलं. आदल्या संध्याकाळी पुंडलिक तालमीहून बांधावरून घरी येत होता. कुणीतरी मागून डोक्यावर गोणपाट टाकलं, त्याला आडवा पाडला आणि उजव्या हाताची बोटं ठेचली. मारणारा एक अक्षर बोलला नाही.

मुठीत नखी होती, तीही गेली. तारा छेडायची ती नखी त्याच्या बापाने म्हशीच्या शिंगातून घासून दिली होती. एका कडेला भाजल्याचा काळा डाग होता तिच्यावर. बायकोने, काशीबाईने, दुसऱ्या दिवशी अख्खा बांध पालथा घातला, पण नखी काही मिळाली नाही.

पार्टी मोडली. संशय निडीच्या पार्टीवर होता, कारण स्पर्धेत ते दोनदा हरले होते. मोरू त्यांचा ढोलवाला. पुरावा मात्र शून्य. पुंडलिक एका कारखान्यात रखवालदार झाला आणि लोक त्याला विसरले.

विसरला नाही तो एक हर्षद. वरसे गावचा, कंपनीत शिफ्टला जाणारा. अकरावीत असताना रोह्यात कॅसेटच्या दुकानासमोर 'खारं उधाण'मधलं तिसरं गाणं ऐकत उभा राहिला आणि घरी जायची शेवटची एसटी चुकली, हे तो दर भेटीत नव्याने सांगायचा. तेव्हापासून त्याच्या कानाला दुसरं काही रुचलंच नाही. ती कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कायम शर्टाच्या खिशात. गाणी ऐकवायचा मोबाईलवर, कॅसेट मात्र कुणाच्या हाती देत नसे, खुद्द पुंडलिकच्यासुद्धा. "हाताळून खराब होते, दादा." पुंडलिकला हसू यायचं.

दिवाळीला फराळ घेऊन यायचा तो हर्षदच. पुंडलिकला कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात उशाशी बसला तोही हर्षदच.

दुसरी कॅसेट निघाली असती तर, असं पुंडलिक एकदा हळहळला होता.

"बरंच झालं नाय निघाली ती," हर्षद म्हणाला होता. "त्यात तुम्ही कीबोर्ड घालनार होता. पयलीची चव गेली असती."

एवढी माया आपल्या वाजवण्यावर कुणी केली नव्हती, असं पुंडलिकला तेव्हा वाटलं होतं.

आणि गेल्या आठवड्यात मोरूचा फोन आला. "दादा, तुमच्या हाताचं एक सांगायचं हाय. फोनवर नाय, समोरासमोर. मनावर लय ओझं झालंय." पुंडलिकने ते लगेच हर्षदच्या कानावर घातलं.

"कबूल करनार तो," हर्षद म्हणाला. "मी आनतो त्याला."

आता मोरूने रक्ताने भरलेलं तोंड उघडलं. "दादा, मी फोन केला तो—"

कांब जबड्यावर बसली. काहीतरी कडकन मोडलं. त्यानंतर मोरूच्या तोंडून शब्द फुटेना, नुसता घोगरा आवाज येत राहिला.

"दादांची बोटं तूच ठेचलीस ना?" हर्षदने विचारलं.

मोरूने नकारार्थी मान हलवली. कांब गुडघ्यावर आली. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा नकार, पुन्हा गुडघा. तिसऱ्या खेपेला मोरूने होकार दिला.

"नखी कुठं हाय माझी?" पुंडलिकने विचारलं. अठरा वर्षं घशात अडकलेला प्रश्न होता तो.

मोरू त्याच्याकडे न बघता हर्षदकडे बघत राहिला.

"खाडीत टाकलीस, व्हय ना रं?" हर्षदने कांब उचलली.

मोरूने मान डोलावली.

हर्षदने त्याचा उजवा हात सोडवून फळीवर दाबून धरला आणि कांब पुंडलिकपुढे केली. "आता तुमचा मान, दादा."

पुंडलिकने ती डाव्या हातात घेतली. समोर एक म्हातारा होत चाललेला, मुतलेला माणूस होता. त्याची कीव आली. पण मग स्वतःच्या वाकड्या बोटांकडे नजर गेली. आंघोळीचा तांब्या न धरता येणारी बोटं. त्याने कांब उगारली. एक, दोन, तीन. चौथ्या घावाआधीच मोरूची शुद्ध हरपली होती, तरी त्याने तो घातला.

मग तो मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. अठरा वर्षांनी छातीवरचा धोंडा उतरला होता.

हर्षदने रक्ताने माखलेला शर्ट काढून खिळ्याला अडकवला. "हातपाय धुऊन येतो, दादा. मग याला दवाखान्याच्या दारात टाकू." बाहेर पाण्याचा आवाज आला, आणि तिसऱ्या गाण्याची गुणगुणही.

पुंडलिकला भरून आलं. या पोराने एवढं केलं, आपण त्याला काय दिलं? साधी सहीसुद्धा कधी मागितली नाही बिचाऱ्याने. त्याने खिळ्यावरच्या शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि कॅसेटही. डाव्या हाताची वाकडीतिकडी का होईना, पण सही करायची. हर्षद आत येऊन बघेल तेव्हा हरखून जाईल.

त्याने प्लॅस्टिक सोडलं, डबी उघडली. कव्हरवर त्याचाच तरणाताठा चेहरा होता, बेंजोवर दोन्ही हात. सही आतल्या कोऱ्या बाजूवर करावी म्हणून त्याने तो कागद नखाने ओढला. कागद सुटला, आणि त्याच्यामागे अडकवलेली, कडेला भाजल्याचा काळा डाग असलेली शिंगाची नखी त्याच्या मांडीवर पडली.