वाढवा

"हे 'बंद' काहून लिहलं?" महावीरशेठनी नव्या पडद्यावर बोट आपटलं.

कारंज्यातल्या त्यांच्या डाळमिलची सगळी यंत्रं आता या एका पडद्यावरून चालणार होती. त्यावरची बटणं त्यांच्या पुतणीनं, त्रिशलानं आखली होती. पुण्याला ती हेच शिकून आली होती. 'बंद' तिनं मुद्दाम सगळ्यात मोठं आणि लालभडक ठेवलं होतं.

"यंत्र थांबवायला, काका."

"थांबव ना. पन शब्द पाह्य. रोज सकाळी धंद्यावर 'बंद' वाचू का मी? तुह्या आज्यानं दुकान कधी बंद नाही केलं. दिवेलागनीले वाढवलं. 'वाढवा' लिही. अन् तो लाल रंग काढ, डोये वटारल्यावानी दिसते."

"नव्या माणसाला वाटेल, वेग वाढवायचं बटण आहे."

"शेंबड्या पोरालेही समजते ते," शेठ हसले.

सत्तेपुढे शहाणपण चालत नाही. बटण वाचून माणूस अडखळला तर दोष बटणाचा, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तरी तिनं शब्द बदलला, रंग हिरवा केला. वेगाचा बाण शेजारीच होता, तोही हिरवाच. तिला स्वतःची लाज वाटली. काकांनी पेढा पुढे केला, तो तिनं खाल्ला.

यंत्र थांबवायचा भिंतीवरचा जुना, लाल मुठीचा खटका मिस्त्रीनं आदल्या दिवशीच काढून नेला होता. तिथं आता चार भोकं होती.

पडद्यासमोर सेवादास उभा राहिला. तांड्यावरून कालच कामाला आलेला. शेठनी त्याला स्वतः शिकवलं.

"तूर ओली असली का वेग कमी. कोरडी असली का मी म्हनीन, वाढव. मंग हा बान दाबायचा. समजलं?"

"समजलं, शेठ. अन् हे बाजूचं?"

"ते संध्याकाळी लागते. संध्याकाळी दाखवतो."

यंत्र सुरू झालं. पत्रे थरथरले, तुरीची धूळ उडाली. शेठनी डोळे मिटून हात जोडले. धनीबाई नेहमीसारखी यंत्राच्या पट्ट्याजवळ सांडलेली तूर झाडत होती. वीस वर्षं ती तिथंच झाडत आली होती.

तिचा पदर पट्ट्यात गेला.

"माय वो!" दोन्ही हातांनी पदर धरून ती मागे रेटत होती. पट्टा तिला पुढे ओढत होता.

जुना हमाल इंद्रभान सवयीनं भिंतीकडे धावला. त्याचा हात त्या चार भोकांवर आपटला.

"वाढव!" शेठ ओरडले. "सेवादास, वाढव! लवकर वाढव!"

त्रिशला पडद्याकडे पळाली. मध्ये पोत्यांची थप्पी होती. "बाण नको, बाजूचं दाब!" ती किंचाळली. यंत्राच्या घरघरीत ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

सेवादासनं शेठकडे पाहिलं. कामाचा दुसरा दिवस होता, आणि त्याला चुकायचं नव्हतं. त्यानं बाणावर बोट दाबून धरलं.

"वाढवतो, शेठ!"