हरले, पण काय लढले!

दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून उदयसिंहराव गुडगावच्या एका नव्या परदेशी कंपनीत लागले आणि सहा महिन्यांत दारात मारुती उभी राहिली. तेव्हापासून दर संक्रांतीला ते बायको-मुलीला गाडीत घालून पानिपतला नेत. काला अंबच्या स्मारकापुढे उभं राहिलं, की त्यांचा रुमाल हमखास बाहेर येई.

"बघ भक्ती, हरले, पण काय लढले! अगं, निकाल कोण बघतो? जीव ओतून लढणं बघायचं असतं, बेटा."

हातातला तिळगूळ चघळत भक्ती मान डोलवी.

अठ्ठ्याण्णव साली आयआयटीचा निकाल लागला. दोन वर्षं टीव्हीकडे ढुंकूनही न बघितलेल्या भक्तीचं नाव यादीत नव्हतं. उदयसिंहराव भरल्या ताटावरून उठले.

"आता महाराष्ट्र मंडळात कुठल्या तोंडानं जाऊ? दोन वर्षांची मेहनत बिल्कुल पाण्यात!"

भक्तीनं त्यांचं ताट झाकून ठेवलं.

"बाबा, पानिपतला दोनशे सदतीस वर्षं झाली. मी कशी लढले, हे तुम्हाला दिसायला किती लागतील?"