चिंचेखाली

सभामंडपातून तीनदा पुकारूनही द्वारकाबाई आली नाही, तेव्हा दिव्यांगांसाठी शिबिर भरवणाऱ्या वृंदाताई वही घेऊन देवळाबाहेर आल्या. चिंचेखाली एक म्हातारी कुबड्या मांडीवर घेऊन बसली होती. तीच द्वारकाबाई.

“अहो मावशी, यंदा तुमच्यासारख्यांसाठी मुद्दाम रॅम्प बांधून घेतलाय. आता कसली अडचण?”

“रॅम्प झ्याक हाय, ताई. पर आमच्या वस्तीतलं कुणी ह्या देवळात कधी चढलं न्हाई.”

“मग तसं कळवायचं तरी.”

“कुनाला? दर साली हितंच बसती. तुमी नाव पुकारता, ते ऐकू येतं की.”

वृंदाताईंनी हजेरीचं पान उघडलं. हातातल्या वहीत, द्वारकाबाईच्या नावापुढं, स्वतःच्याच टपोऱ्या अक्षरात त्यांनी तीन वर्षं लिहिलं होतं: गैरहजर.